पेव हलवलं त्या हंगामात

दिवाळी सरली की शिरोळकडच्या रस्त्याला गाडी घालणाऱ्याने घड्याळ बघायचं सोडून द्यावं. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असतो आणि ड्रायव्हरने लावलेलं गाणं मागच्या चार गाड्यांना फुकट ऐकू येत असतं. पुढे काढायला जागा नसते. माझा नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसतो. मी काच खाली घेते. कारखान्याच्या धुराड्याचा गोडसर करपट वास येतो, त्याच्या मागोमाग मळीचा आंबूस वास येतो, आणि नवरा म्हणतो, काच लाव. मी लावत नाही.

माझं माहेर इथलंच, उसाच्या पट्ट्यातलं. या वासाबरोबर मला खरं तर उसाचा फड आठवायला हवा, अव्वाने, म्हणजे आईने, तोडणीच्या टोळीला पाठवलेला चहा आठवायला हवा. तेही आठवतं. पण सगळ्यात आधी आठवते ती एक वेबसाइट. तिला वास नव्हता, रंगही बेताचाच होता, आणि ती बंद होऊन आता इतकी वर्षं झाली की तिचं नाव सांगितलं तरी तरुण पोरं भुवया उंचावतात. तिच्यावरून आमचा कोड उचलून दुसऱ्या साइटवर नेला तो असाच गळीत हंगामाच्या तोंडाला. माझ्या आयुष्यात त्या एका हंगामाचं वजन जरा जास्तच भरतं.

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. शिवाजी पेठेत एका तालमीसमोरच्या घराच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या आणि तीन माणसं. मालक म्हणजे बापू, माझ्या आधीपासून असलेला विलास, आणि मी. साखर कारखान्यांना लागणारे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. बापू शेतकऱ्याच्या घरातले, शहराबाहेर त्यांच्या म्हशी होत्या. नव्वद सालानंतर जेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले तेव्हा त्यांनीही एक काढला होता, आणि क्लास चालवता चालवता एका कारखान्याच्या वजनकाट्याचा पहिला प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती तेव्हाची गोष्ट. पुढे धंदा वाढला आणि बापूंचा दिवस कारखान्यांच्या वाऱ्या करण्यात जायला लागला. कोड विलास लिहायचा आणि मी लिहायची.

विलासकडे शेतकऱ्यांची बिलं होती, माझ्या वाट्याला काटा आला. कारखान्याच्या दारात मोठा वजनकाटा असतो. भरलेला ट्रॅक्टर त्यावर चढतो, वजन होतं, ऊस खाली करून तो परत येतो आणि रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन होतं. दोन्हींत जो फरक तो शेतकऱ्याचा ऊस. ऐकायला सोपं आहे. पण ट्रॅक्टर चढला की आकडा नाचत असतो. इंजिन थरथरतं, ड्रायव्हर उडी मारून उतरतो, कुणी कडेची दोन कांडी उपसून घेतं. नाचणाऱ्यातला कुठला आकडा खरा मानायचा? आमच्याकडे काट्यावर कुणाचाच विश्वास नसतो. काटा मारला, हे वाक्य हंगामात चहाच्या टपरीवर दिवसभर ऐकू येतं. माझे अप्पा, म्हणजे वडील, त्याच काट्यावर ऊस घालायचे. जेवताना मान वर न करता विचारायचे, तुझा काटा खरा हाय न्हवं? मी एक अख्खा हंगाम काट्याच्या केबिनमध्ये धुळीत बसून काढला. आकडा कधी ठरला असं समजायचं, याचा कोड तिथं बसून लिहिला. त्याचा मला अभिमान होता, आणि आहे.

आता हा कोड ठेवायचा कुठे? एकदा विलासचं मशीन बसलं आणि पावसाळाभराचं काम गेलं, तेव्हापासून बापूंनी धसका घेतला. कुणीतरी त्यांना परदेशातली एक साइट सांगितली. तिथं कोड ठेवायचा, रोज केलेला बदल चढवायचा, आणि आजवरचे सगळे बदल ओळीने तिथं जपून राहतात. पैसे लागत नाहीत, अट एवढीच की कोड सगळ्या जगाला उघडा ठेवायचा. आम्ही दोघं बिचकलो. बापू म्हणाले, जग काय शिरोळच्या काट्याला लाइन लावून बसलंय? त्यांनी त्या साइटला पेव म्हणायला सुरुवात केली. सांगलीकडे हळद जमिनीखाली पेवात भरून ठेवतात, तसं. ‘पेवात घातलं का?’ असं ते संध्याकाळी जाताना विचारायचे.

इंटरनेटची तार फक्त बापूंच्या मशीनला होती. इन्व्हर्टरही त्याच मशीनला. भारनियमनाची वर्षं ती. लाइट गेली की आम्ही दोघं एकाच कीबोर्डपुढे खुर्च्या ओढून बसायचो, एकाने टाइप करायचं आणि दुसऱ्याने चुका काढायच्या. साइटवर खातं बापूंच्या नावाने होतं, पासवर्ड त्यांच्या म्हशीचं नाव होतं, आणि तो सगळ्यांना पाठ होता. ज्याचं काम झालं तो बापूंच्या खुर्चीत बसायचा आणि चढवून मोकळा व्हायचा. वेगळं खातं काढावं असं आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरातला विजेचा मीटर सासऱ्यांच्या नावावर असतो, म्हणून कुणी सुनेचा पंखा वेगळा मोजत नाही, तसं ते चाललं होतं.

त्यामुळे त्या साइटवर आमच्या ऑफिसची वर्षानुवर्षांची मेहनत एकाच माणसाच्या नावावर गोळा झाली. जगाच्या दृष्टीने कोल्हापुरात बापू नावाचा एक अचाट माणूस होता. तो काटाही लिहायचा, बिलंही लिहायचा, आणि दोन्हींची पद्धत अशी वेगळी की जणू दोन माणसं. प्रत्यक्षात बापूंनी शेवटची ओळ कधी लिहिली ते त्यांनाही आठवत नव्हतं.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा निपाणीकडचा, आमच्यातलाच, नोकरी पुण्यात. तुळशीचं लग्न झालं की आमचं. घरी आनंदीआनंद होता आणि मलाही मुलगा आवडला होता, पण पुण्यात जाऊन मी करणार काय हा प्रश्न मला रात्रंदिवस कुरतडत होता. माझ्या कॉलेजचं नाव पुण्यात कुणी ऐकलेलं नव्हतं, आमच्या ऑफिसचं तर राहूच दे. दाखवायला माझ्याकडे होता फक्त काट्याचा कोड. नवऱ्याच्या, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या नवऱ्याच्या ओळखीने एका कंपनीत मुलाखत मिळाली. मी मोठ्या ऐटीत त्यांना साइट उघडून दाखवली. समोरच्या बाईंनी पान खालीवर केलं, आणि अगदी सभ्यपणे विचारलं, यातलं तुमचं नेमकं काय? प्रत्येक ओळीपुढे बापूंचं नाव होतं. मी सांगायला लागले आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत मला राग आला होता, आणि कोल्हापूर स्टँडवर उतरले तेव्हा तो चांगलाच तापला होता.

नेमकी त्याच आठवड्यात विलासला एक मेल सापडली. साइट बंद होणार होती. मेल आली होती पावसाळ्यात, बापूंच्या पत्त्यावर, आणि इंग्रजीतली मेल कारखान्याची नसेल तर बापू उघडत नसत. आता हातात थोडेच दिवस उरले होते, तिकडे कारखाने बॉयलर पेटवायच्या तयारीत. विलासने नवी साइट शोधून काढली आणि हलवाहलवीचा एक तयार प्रोग्रॅमही उतरवून घेतला. तो जुन्या साइटवरचा एकेक बदल उचलून नव्या साइटवर नेऊन ठेवायचा. सुरू करण्याआधी तो एकच विचारायचा, जुन्या खात्याचा माणूस नव्या ठिकाणी कुठल्या नावाने लावू? जितकी खाती तितक्या ओळी लिहायच्या. आमचं खातं एक, म्हणून ओळही एक. विलासने बापूंचं पूर्ण नाव टाइप केलं आणि बटण दाबायला बोट उचललं.

मी त्याला थांबवलं. पुण्यात काय झालं ते दोघांनाही सांगितलं आणि म्हटलं, हलवतोच आहोत तर ज्याचं काम त्याच्या नावाने हलवूया. नंतर हे करता येणार नाही, जुनी साइट एकदा बंद झाली की ताडून बघायला काही उरणार नाही. माझा आवाज चढला होता. विलासने बोट खाली घेतलं. बापूंना आधी कळलंच नाही मी कशाबद्दल भांडते आहे. त्यांनी फुटबॉलचं उदाहरण दिलं, गोल कुणीही मारला तरी पेठ जिंकली म्हणतात, वगैरे. मी हलले नाही तेव्हा ते खरोखरच दुखावून म्हणाले,

‘‘घरात भाकरी कुणी थापली ते ताटात लिवून देत्यात व्हय?’’

‘‘न्हाय देत,’’ मी म्हटलं. ‘‘म्हणूनच थापणारीचं नाव कुणाला ठावं नसतंय.’’

बापू उठून खाली गेले. तालमीच्या कट्ट्यावर बराच वेळ बसले होते, मला माडीवरून त्यांचं टक्कल दिसत होतं. मला वाटलं, नोकरीही गेली आणि नावही. परत आले ते तीन कप चहा सांगूनच. म्हणाले, करा काय करायचं ते, पण हंगामाची पहिली मोळी पडायच्या आत काटा चालू पाहिजे.

मग आम्ही तिघांनी मिळून आठवायला सुरुवात केली. जुन्या साइटवर प्रत्येक बदलापुढे तारीख होती आणि चढवणाऱ्याने लिहिलेली एक ओळ. त्या ओळींनी काही मदत झाली असं म्हणवत नाही. विलास कायम ‘ओके’ लिहायचा. मी ‘शेवटचा बदल’ लिहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ‘आता खरंच शेवटचा’. एका ओळीत नुसतं ‘हुश्श’ होतं, ते कुणाचं यावर दोन चहा झाले. पण तारखा बोलत होत्या. पावसाळ्यात कारखाने थंड असतात, तेव्हा बदलांची दाटी होती, मोठमोठे बदल, निवांतपणे केलेले. दसऱ्यापासून बारीकसारीक घाईचे बदल सुरू व्हायचे. हंगाम ऐन भरात असताना तर एकाच दिवशी पाच पाच ठिगळं, कारण काट्यावर रांग थांबलेली आणि फोनवर कुणीतरी बोंबलतंय. आणि फाल्गुन-चैत्रात कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की एकदम शांत. साइट परदेशातली होती, तिला उसाचं काही माहीत नव्हतं, तरी तिच्यावर आमचे हंगाम जसेच्या तसे उठले होते. मला ते बघून बरं वाटलं.

त्या तारखांवरून आम्हाला कामं आठवायची, आणि कामांवरून माणूस. ही दुरुस्ती विलासची, कारण तेव्हा त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तो दिवसभर जागेवरून हलत नव्हता. हा बदल माझा, त्या दिवशी पंचगंगेला पूर होता आणि मी ऑफिसात अडकले होते. अडचण यायची ती लाइट नसतानाच्या कामांची. एका कीबोर्डवर दोघं बसलेलो, आणि नवी साइट एका बदलाला एकच नाव घेणार. विलास म्हणाला,

‘‘तसली सगळी तूच घे. तुला पुण्याला जायचंय, मी कुठं चाललोय?’’

मला गहिवरून आलं, आणि तसं मी त्याला सांगितलंही. पण सगळी घेतली नाहीत. उद्या कुणी बोट ठेवून विचारलं तर ज्याचं उत्तर छातीठोक देता येईल तेवढीच माझी धरली, बाकीची त्याच्या नावावर लावली. बापू शेजारी बसून ऐकत होते. मधूनच एखाद्या जुन्या बदलावर ‘ह्यो माझा’ म्हणायचे. सुरुवातीचा तेवढा भाग खरोखर त्यांचा होता. पुढे पुढे त्यांचं ‘ह्यो माझा’ थांबलं, आणि ते थांबलंय हे त्यांच्याही ध्यानात आलं असणार.

विलासने बदलाच्या क्रमांकापुढे नाव लावणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. माझं नाव घालायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं की कुठलं घालू, शेटे की मुन्नोळी. महिन्याभरात मी संगीता मुन्नोळी होणार होते, आणि पुण्यात साइट दाखवताना तेच नाव बरोबर असणार होतं. व्यवहाराने बघितलं तर मुन्नोळीच शहाणपणाचं होतं. विलास तसं म्हणालाही. मला एका क्षणात उत्तर सुचलं, का ते माहीत नाही.

‘‘केलं तवा मी शेटे हुतो. शेटेच लिव.’’

हलवाहलवी सुरू केली. पडद्यावर एकेक बदलाचा आकडा चढत जायचा. तार कोल्हापुरातली, त्यामुळे चढता चढता मध्येच अडकायचा. लाइट गेली की इन्व्हर्टर मशीन सांभाळायचा, पण पेठेतलं इंटरनेट जायचं आणि प्रोग्रॅम मान टाकायचा. पुन्हा पहिल्या बदलापासून. तिसऱ्या वेळी बापूंनी वीज मंडळाला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी भारनियमनाची वेळ टाळून सकाळी बसलो. खाली तालमीत पोरं दंड मारत होती, त्यांचे श्वास वर ऐकू येत होते. दुपारच्या जेवणाआधी शेवटचा बदल नव्या साइटवर पोचला. विलासने पान उघडलं. विलासचं नाव होतं, बापूंचं होतं, आणि काट्याच्या पुढे ओळीने, पानभर, संगीता शेटे. पत्रिकेत, राशन कार्डात, कॉलेजच्या मार्कशीटवर माझं नाव आधीही छापलेलं होतं. पण ते मला कुणीतरी दिलेलं. हे मी मिळवलेलं होतं, आणि मला रडू आलं.

बापू बराच वेळ पान वरखाली करत राहिले. त्यांचं नाव अगदी तळाला होतं, पहिल्या थोड्या बदलांपुढे.

‘‘एवढंच व्हय माझं?’’ ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. मी मागितलं ते चूक नव्हतं हे मला माहीत होतं, पण त्या पानावर बापूंनी कारखान्यांच्या पायऱ्या किती झिजवल्या ते कुठेच नव्हतं, आमचे पगार त्यांनी कुठकुठून उभे केले तेही नव्हतं. तसलं काम लिहायला त्या साइटवर जागाच नव्हती. दोन दिवसांनी कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, काटा सुरू झाला, आणि बापू नेहमीप्रमाणे सगळ्यांना पेढे वाटत हिंडले. नावांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तो त्यांच्या मनात कसा बसला असेल, याचा अंदाज मला लागत नव्हता.

लग्न झालं. पुण्यातल्या भाड्याच्या घरात सकाळी दूधवाल्याची सायकल वाजायची आणि मला कोल्हापुरातल्या हंगामाची आठवण यायची. इथं थंडीला कसलाच वास नव्हता. अप्पांचा फोन यायचा, तोड आली, ऊस गेला, काटा बरा चाललाय म्हणायचे. मी अर्ज पाठवत होते. बरेच दिवस काही झालं नाही. मग एका मध्यम आकाराच्या कंपनीतून बोलावणं आलं.

समोर दोघं होते. त्यातल्या वयस्क गृहस्थांनी अर्ज वाचला, साइट उघडली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. अर्जावर मुन्नोळी, पानावर शेटे. मी लग्नाचं सांगितलं. ते म्हणाले, विश्वास ठेवत नाही असं नाही, पण कुणीही कुणाचंही पान उघडून दाखवू शकतं. त्यांचं काही चुकत नव्हतं. तिथल्या कुणाशी बोलता येईल का, त्यांनी विचारलं. मी बापूंचा नंबर दिला. नंतर करतील असं मला वाटलं होतं, त्यांनी तिथंच लावला.

फोन वाजत होता तेवढ्यात माझ्या डोक्यात नको ते सगळं येऊन गेलं. काटा माझा, असं ते कशाला सांगतील? त्यांच्या पानावरून त्यांना मीच खाली उतरवलं होतं. बापूंनी फोन घेतला तो कारखान्याच्या दारात असणार, मागे ट्रॅक्टरची घरघर येत होती. मोबाइलवर ते मुळातच समोरच्या गावाला ऐकू जाईल असं बोलायचे. गृहस्थांनी फोन कानापासून लांब धरला, त्यामुळे खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

‘‘शेटे म्हंजे आमची संगीताच की, पावणं. लगीन झालं, नाव बदाललं, हात त्योच हाय. काट्याचं समदं तिचं. न्हाय न्हाय, त्यात माझं कायबी न्हाय. तिथं नाव लिवलंय न्हवं तिचं?’’

गृहस्थांनी आभार मानून फोन ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी पान पुन्हा काट्याच्या कोडवर नेलं, जरा वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, बरं, हलणाऱ्या ट्रॅक्टरवर आकडा ठरला हे तुम्ही कसं ठरवलंत?

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले.